मोहरीएवढा हेडलाइट

हॅम्बुर्गच्या मिनिएचर वंडरलँड या छोट्या प्रतिकृतींच्या प्रदर्शनात दर 15 मिनिटांनी रात्र होते. वरचा उजेड निळसर होत विझत जातो आणि खालच्या रस्त्यांवर बोटभर मोटारी दिवे लावून धावू लागतात. वळणावर इंडिकेटर लुकलुकतो, ब्रेक लागला की मागचा लाल दिवा उजळतो. या मोटारींचं माप 1:87, म्हणजे खऱ्या मोटारीपेक्षा 87 पट लहान. पुण्यात कोथरूडच्या जोशी रेल्वे म्युझियममधल्या गाड्याही याच मापाच्या आहेत.

जुन्या मोटारींचा 7 इंची गोल हेडलाइट या मापात जेमतेम 2 मिलिमीटरचा होतो. पूर्वी तिथे गव्हाच्या दाण्याएवढे तारेचे बल्ब बसवत. ते तापायचे आणि प्लॅस्टिकची बॉडी मऊ पडायची. आता 1 मिलिमीटर लांब आणि अर्धा मिलिमीटर रुंद एलईडी मिळतात. केसासारख्या बारीक, लाखेचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या तारा त्यांना चिमट्याने धरून डाख द्यायच्या. हात स्थिर हवा आणि भिंग हवंच.

पण खरी अडचण जागेची नाही, उजेडाची आहे. मोटार 87 पट लहान झाली की दिव्याच्या काचेचं क्षेत्रफळ 87 गुणिले 87, म्हणजे सुमारे साडेसात हजार पटींनी घटतं. काच खऱ्या दिव्याइतकीच तेजस्वी दिसायला हवी असेल, तर उजेडही तेवढ्याच पटीने कमी लागतो. ल्युमेन हे दिव्यातून बाहेर पडणाऱ्या उजेडाचं माप; हॅलोजन हेडलाइटचा लो बीम साधारण 1000 ल्युमेनचा असतो. त्याला साडेसात हजारांनी भागा, उरतं 0.13 ल्युमेन! मला हा आकडा फार आवडतो, कारण दिवा बसवताना होणारी नेहमीची चूक त्यातून लगेच कळते. एलईडी पूर्ण ताकदीने पेटवला की मोटार वेल्डिंगच्या ठिणगीसारखी दिसते आणि शेजारची घरं, झाडं, माणसं खोटी वाटू लागतात.

यावर उपाय रेझिस्टरचा, म्हणजे विजेचा प्रवाह रोखून कमी करणाऱ्या छोट्या भागाचा. पांढऱ्या एलईडीवर सुमारे 3 व्होल्ट पडतात. दोन हेडलाइट एकामागोमाग जोडले तर पुरवठ्याच्या 12 व्होल्टांपैकी 6 रेझिस्टरच्या वाट्याला येतात. तिथे 4.7 किलोओहमचा रेझिस्टर लावला की प्रवाह जेमतेम 1.3 मिलिअँपिअर राहतो. दोघांतून एकच प्रवाह वाहत असल्याने दोन्ही दिवे सारखे दिसतात. तरीही डोळ्याला खुपत असेल तर 10 किलोओहमचा लावून बघावा, त्यात संकोच नको.

रंगही नीट पारखावा. पांढऱ्या एलईडीच्या पोटात निळा प्रकाश देणारी चिप असते आणि तिच्यावरचा पिवळसर फॉस्फर तो उजेड पांढरा करतो. हा थर कमीजास्त करून निळसर किंवा उबदार छटा मिळते. 1960 च्या मोटारीला निळसर पांढरा दिवा लावला की तिचं वय चुकतं. तिला पिवळटच हवा.

जिथे एलईडीही मावत नाही तिथे पाव मिलिमीटर जाडीचा प्लॅस्टिकचा प्रकाशतंतू कामी येतो. आत शिरलेला किरण त्याच्या भिंतीला तिरका आपटून पुन्हा आतच वळतो आणि दुसऱ्या टोकाला बाहेर पडतो. एलईडी मग ट्रकच्या हौद्यात लपवता येतो. तंतूचं टोक गरम सळईजवळ नेलं की ते फुगून मशरूमसारखं गोल होतं आणि हेडलाइटची काच आपोआप तयार होते.

शेवटी बॉडीला आतून काळा रंग द्यायचा. पातळ प्लॅस्टिकमधून उजेड झिरपतो, नाहीतर अख्खं बॉनेट कंदिलासारखं पेटतं. खोलीत अंधार करून गाडी सगळ्या बाजूंनी फिरवून बघावी आणि दाराच्या फटीत रेघ दिसली तर तिथे रंगाचा आणखी एक हात मारावा.