कोठीची खोली गेली, कपाटाची खोली उरली

किचनचं कपाट लावायला काढलं की आधी नवीन डबे आणि ऑर्गनायझर बघत बसायचं, ही सवय मलाही आहे. पण मागच्या वेळी सगळं बाहेर काढलं तर एकाच वस्तूची तीन पाकिटं निघाली, तिन्ही अर्धी फोडलेली, एकेकाला रबर लावलेलं. म्हणजे जागा कमी होती असं नाहीच, मागच्या रांगेत काय आहे ते दिसतच नव्हतं. मग हे असं खोल अंधारं कपाट ओट्याखाली आलं कुठून ते शोधत बसले आणि त्यात दोन दिवस गेले, कपाट तसंच राहिलं ते सोडा.

युरोप-अमेरिकेतल्या जुन्या घरांत स्वयंपाकघराला चिकटलेली कपाटं नव्हतीच फारशी. एक मोठं टेबल, भिंतीला खुंट्या, भांड्यांची एखादी मांडणी किंवा फडताळ, आणि साठवणीसाठी वेगळी कोठीची खोली. त्या खोलीचा फायदा काय, तर तुम्ही आत शिरता आणि भिंतींवर अरुंद फळ्या असतात, त्यावर बरण्यांची एकच रांग. सगळं समोर दिसतं. पुढे शहरात घरं लहान झाली, घरकामाला माणसं मिळेनात, कोठी गेली आणि तिची घडी घालून कपाटात कोंबली गेली. आपली भाषा तर इथे गंमतच करते, आधी कोठीची खोली होती, आता कपाटाची खोली आहे आणि सगळा त्रास त्या दुसऱ्या खोलीचा!

यावर नीट डोकं लावणाऱ्यांत पहिलं नाव येतं अमेरिकन लेखिका कॅथरीन बीचर यांचं. १८६९ मध्ये त्यांनी बहीण हॅरिएट बीचर स्टो यांच्यासोबत घरकामावर पुस्तक काढलं आणि त्यात उदाहरण दिलं आगबोटीच्या स्वयंपाकघराचं. बोटीवरचा आचारी दोनशे माणसांचं रांधतो, त्याची जागा एवढीशी, पण एक-दोन पावलांत प्रत्येक वस्तू हाताशी येते. मग घरातच एवढी पायपीट कशाला? म्हणून त्यांनी ओट्यासारखी सलग पाटी, तिच्या खाली-वर फळ्या, पिठाचा डबा तिथेच बसवलेला असा आराखडा काढला. शेकर या अमेरिकेतल्या साध्या राहणीच्या ख्रिस्ती पंथाची मंडळी त्याच्याही आधीपासून भिंतीतच कपाटं आणि ड्रॉवर बांधत होती आणि खुर्च्यासुद्धा खुंटीला टांगत होती, पण तो वेगळाच विषय आहे.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत इंडियाना राज्यातून हूझियर कॅबिनेट आलं आणि तुफान चाललं. एकाच उभ्या कपाटात पिठाची टाकी आणि तिला खाली चाळणी, मसाल्यांच्या बाटल्यांचा रॅक, बाहेर ओढायची पाटी, आणि दाराच्या आतल्या बाजूलासुद्धा काही ना काही अडकवलेलं. आजचे ऑर्गनायझर बघा, त्यातलं निम्मं तरी या कपाटात होतंच. नंतर भिंतीला लागून पक्की कपाटं बसवायची पद्धत आली आणि हूझियर मागे पडलं. माझ्या मते तिथे आपण एक चांगली गोष्ट गमावली, कारण त्या कपाटात एकेक वस्तू कुठे राहणार याचा विचार आधी होता आणि लाकूड नंतर.

मग आला कारखान्यांचा प्रभाव. कामगाराच्या हालचाली मोजायच्या, फालतू हालचाल काढून टाकायची, हे अमेरिकन इंजिनिअर फ्रेडरिक टेलर यांचं शास्त्र जोरात होतं, ते लेखिका क्रिस्टीन फ्रेडरिक यांनी १९१२ मध्ये मासिकातल्या लेखमालेतून थेट स्वयंपाकघरात आणलं. त्यांनी दोन आराखडे काढले, एका किचनमध्ये बाईच्या फेऱ्यांच्या रेघा सरळ, दुसऱ्यात नुसता गुंता. त्यांचं म्हणणं असं की तयारी, शिजवणं, वाढणं आणि नंतरची आवराआवर या क्रमाने सामान लावा, प्रत्येक कामाचं साहित्य त्या कामाच्या जागेपाशीच. कपाटात काय कुठे ठेवायचं याचा मला सापडलेला सगळ्यात टिकाऊ नियम हाच. अर्थात त्यांचा सगळा भर पावलं वाचवण्यावर होता, जागा वाचवणं हा नंतरचा प्रश्न.

जागेचा प्रश्न खरा पेटला तो पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीत. घरांची भयंकर टंचाई, म्हणून फ्रँकफर्ट शहराने आर्किटेक्ट अर्न्स्ट माय यांच्या देखरेखीखाली हजारो स्वस्त घरं बांधायला घेतली आणि त्यासाठी किचन काढलं मार्गारेटे शुट्टे-लिहोट्झकी या तरुण आर्किटेक्टने, १९२६ मध्ये. साधारण १.९ मीटर बाय ३.४ मीटर, बस. त्यांनीही फ्रेडरिक यांचं लिखाण वाचलेलं होतं, आणि बोटीऐवजी रेल्वेच्या डायनिंग कारमधलं चिंचोळं किचन डोळ्यासमोर ठेवलेलं. अशी सुमारे १०,००० किचन बसवली गेली. आजच्या मॉड्युलर किचनची आजी म्हणतात ती हीच. (गंमत म्हणजे हे डिझाइन करेपर्यंत आपण कधी घर चालवलं नव्हतं की स्वयंपाक केला नव्हता, असं बाईंनी स्वतःच पुढे सांगितलं.)

आत डोकावलं तर थक्क व्हायला होतं. अॅल्युमिनियमची ओढून काढायची खणं, प्रत्येकाला पुढे मूठ आणि मागे चोच, म्हणजे खण काढा आणि थेट भांड्यात ओता. पिठासाठी मात्र ओक लाकडाचा ड्रॉवर, कारण ओकमुळे किडे लांब राहतात असा समज. सरकत्या दारांची कपाटं, भिंतीला दुमडून ठेवायची इस्त्रीची फळी, चिरताना निघालेला कचरा सरळ खाली पडेल असा खण. रंगसुद्धा निळसर-हिरवा, माश्या बसू नयेत म्हणून.

आणि तरी लोकांनी कुरकुर केलीच. अॅल्युमिनियमच्या खणांवर पदार्थांची नावं आधीच टाकलेली, आता ज्या घरात तो पदार्थच लागत नाही त्यांनी त्या खणाचं काय करायचं? शिवाय खणं इतकी खाली की लहान मुलांच्या हाताला लागायची. म्हणजे एवढा अभ्यास करून शेवटी घर एका ठरावीक यादीप्रमाणे चालेल हे गृहीत धरलं आणि घरं तशी चालली नाहीत. आजही तयार कप्पे असलेला ट्रे आपण घेऊन येतो आणि आपला झारा त्यात बसत नाही, तेच ते.

डब्यांचा इतिहास वेगळा चालू होता. बाउहाउस या जर्मनीतल्या डिझाइन शाळेत शिकलेले विल्हेल्म वागेनफेल्ड यांनी १९३८ मध्ये कुबुस नावाचे काचेचे चौकोनी डबे केले, वेगवेगळ्या मापांचे पण एकमेकांवर आणि एकमेकांशेजारी चपखल बसणारे. यामागचं गणित सोपं आहे, चौकोनात मावणारं गोल त्या चौकोनाचा साधारण ७८.५ टक्के भाग घेतं, उरलेले २१.५ टक्के म्हणजे चार कोपरे, रिकामे. अख्ख्या फळीवर गोल बरण्या लावल्या की पाचवा हिस्सा असाच गेला. नंतर १९४६ च्या सुमारास अर्ल टपर यांचे घट्ट झाकणाचे प्लॅस्टिकचे डबे आले आणि घरोघरच्या पार्ट्यांतून विकले गेले. झाकणं हरवायचा आजार तिथूनच सुरू झाला असावा असा माझा संशय आहे.

फिनलंडमधल्या माइयू गेबहार्ड यांचं काम मला सगळ्यात आवडलं. १९४० च्या दशकात त्यांनी हिशोब मांडला की एका घरातली बाई आयुष्यातले जवळपास ३०,००० तास भांडी धुण्या-पुसण्यात घालवते. त्यावर उपाय, सिंकच्या वरचं कपाट, त्याला तळाची फळीच नाही, नुसत्या तारेच्या जाळ्या. धुतलेली ताटं ओलीच वर लावायची, पाणी सिंकमध्ये गळतं, दार लावलं की दिसत नाही. निथळण्याची जागा आणि ठेवण्याची जागा एकच झाली, ओटा मोकळा. असं कपाट अमेरिकेत आधीच पेटंट झालेलं होतं म्हणे, पण अख्ख्या देशाने ते उचलून धरलं फिनलंडमध्येच.

आता मूळ दुखण्याकडे येऊ. दुसऱ्या महायुद्धानंतर किचनची मापं ठरून गेली आणि ओटा साधारण ६० सेंटीमीटर खोल झाला, कारण शेगडी, सिंक, मशिनं सगळी त्यात बसायला हवीत. मग खालचं कपाटही ६० सेंटीमीटर, डबा पंधरा सेंटीमीटरचा असला तरी. म्हणजे कपाटाची खोली ठरली ती ओट्यावरून, आत काय ठेवायचं यावरून नाहीच. वरची कपाटं अर्धीच खोल असतात म्हणून तिथे एवढा गोंधळ होत नाही. त्यानंतरचे सगळे शोध बघा, कोपऱ्यातली गोल फिरणारी फळी, बाहेर सरकणाऱ्या ट्रॉल्या, पूर्ण बाहेर येणारे ड्रॉवर, सगळ्यांचं काम एकच, मागची रांग पुढे आणणं. युरोपात कपाटाच्या बाजूंना ३२ मिलिमीटर अंतरावर भोकं पाडायची पद्धत रुळली (ड्रिल मशिनचे दांडे त्याहून जवळ बसवणं कठीण होतं म्हणून ते माप), त्यामुळे फळी वर-खाली करता यायला लागली आणि दोन फळ्यांमधली हवा कमी झाली. ही सोय बहुतेकांच्या कपाटात असते आणि बहुतेक जण फळ्या पहिल्या दिवशी जिथे होत्या तिथेच ठेवतात.

उलटा रस्ताही कोणीतरी घेतलाच, तो म्हणजे एकच रांग होईल एवढीच अरुंद फळी. फ्रिजच्या दारातले कप्पे बघा, त्या कल्पनेचं श्रेय बऱ्याचदा कामाच्या हालचालींचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकन इंजिनिअर लिलियन गिलब्रेथ यांना देतात, आणि १९३३ मध्ये क्रॉस्ली कंपनीने दारात कप्पे असलेला फ्रिज शेल्वाडोर नावाने बाजारात आणला. दारातली वस्तू कधी विसरली जात नाही. अमेरिकेतल्या प्रसिद्ध पाककृती-लेखिका ज्युलिया चाइल्ड यांच्या घरी तर कपाटच बाजूला, त्यांच्या नवऱ्याने, पॉल यांनी, भोकांच्या बोर्डवर प्रत्येक भांडं टांगलं आणि त्याच्या कडेने रेघ मारून ठेवली, म्हणजे कुठलं भांडं कुठे परत जायचं ते कळावं. ते किचन आता स्मिथसोनियन म्युझियममध्ये आहे, भांड्यांसकट.

मी अजून टांगायला सुरुवात केलेली नाही, पण एक फळी दोन भोकं खाली घेतली आहे आणि दाराच्या आतून एक अरुंद रॅक ठोकलाय. ती तीन पाकिटं आता तिथेच उभी आहेत.