मांडवी (मुलीचं नाव)

मांडवी हे मुलीचं नाव. गोव्यात ते कानावर पडलं की आधी नदीच डोळ्यासमोर येते, पणजीच्या दारातली, रायबंदर-चोडणच्या फेरीबोटीखालून वाहणारी, आणि म्हणून निसर्गावरून ठेवलेल्या नावांत ते अबोली, बकुळा, सुरंगी यांच्या पंगतीत बसतं. पण शब्दाचं मूळ बघायला गेलं तर त्यात पाणी कुठेच सापडत नाही. आणि मूळही एक नाही, बहुधा दोन आहेत, ती आधी सुटी करून बघावी लागतात.

पहिलं मूळ रामायणातलं. वाल्मीकींच्या बालकांडात जनकाचा धाकटा भाऊ कुशध्वज, त्याच्या दोन मुली मांडवी आणि श्रुतकीर्ती, त्यातली मांडवी भरताची बायको. हे नाव 'मांडव्य' या गोत्रनामावरून आलेलं दिसतं. पाणिनीच्या नियमानं गार्ग्य वरून जशी गार्गी तशी मांडव्य वरून मांडवी, व्याकरणाला कुठेच ओढाताण करावी लागत नाही. मांडव्य नावाचे ऋषी महाभारताच्या आदिपर्वातही आहेत, चोरीच्या खोट्या आळावरून सुळावर चढवलेले अणीमांडव्य, ज्यांच्या शापानं यमधर्माला विदुर होऊन जन्म घ्यावा लागला. मात्र कुशध्वजाच्या मुलीचा या ऋषींशी थेट संबंध महाकाव्यात कुठे जोडलेला नाही, तेव्हा व्युत्पत्ती गोत्रापर्यंतच न्यावी हे बरं.

दुसरं मूळ जकातीचं. जुन्या मराठीत आणि कोकणीत मांडवी म्हणजे जकातीचा नाका, माल उतरवायचा धक्का. संस्कृत मंडपिका, म्हणजे छोटा मांडव, हा शब्द उत्तरेकडच्या मध्ययुगीन शिलालेखांत बाजार आणि कर वसुलीची जागा या अर्थानं येतो, दहाव्या शतकाच्या आसपासचा सियाडोणी या गावचा लेख त्यातला नेहमी सांगितला जाणारा. मंडपचा मांडव झाला तसाच हाही बदल, मधल्या 'प'चा 'व' झाला, जोडाक्षरामागचा स्वर लांबला आणि शेवटचा 'का' गळाला. हिंदीतली मंडी याच शब्दाची बहीण. कच्छची मांडवी, मुंबईत मस्जिद बंदराजवळची मांडवी, रत्नागिरीची मांडवी, सगळीकडे किनारा आणि मालाची चढउतार आहेच. गोव्यातही सोळाव्या शतकातल्या पोर्तुगीज कागदांत हा शब्द जकात नाक्यासाठी वापरलेला आढळतो, म्हणजे तो त्याआधीच इथे रुळलेला असावा.

आता नदीला नाव कुठलं मिळालं? भरताच्या मांडवीवरून, असं म्हणायला मन ओढतं खरं, पण जुन्या परंपरेत या नदीला गोमती मानलं जातं (गोव्यातल्याच जुवारी नदीला अघनाशिनी), मांडवी नाही. शिवाय वरच्या अंगाला तिला आजही म्हादईच म्हणतात. कर्नाटकातल्या खानापूर तालुक्यात भीमगडच्या रानात उगम, मग गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात उतरणं, एकूण लांबी साधारण 80 किलोमीटर, आणि सत्तरीतल्या माणसाच्या तोंडी ती म्हादई, आईच. मांडवी हे नाव ठळक होतं ते खालच्या खाऱ्या टप्प्यात. भरतीचं पाणी आत गांजे गावापर्यंत चढतं, गलबतं याच टप्प्यात येत, जुनं गोवें याच काठावर, मग नाका तरी दुसरीकडे कुठे असणार? नाक्याचं नाव आधी धक्क्याला आणि मग पाण्याला लागलं असावं, हेच मत जास्त पटण्यासारखं आहे.

मुलीच्या नावात मात्र हे दोन्ही शब्द एकमेकांत मिसळून गेले आहेत. घाटावरच्या घरात मांडवी ठेवतात ती रामायण मनात धरून, ऊर्मिला आणि श्रुतकीर्तीच्या सोबतची म्हणून. गोव्यात डिचोली-सत्तरीपासून पणजीपर्यंत तेच नाव ठेवलं की लोक नदीच धरतात, म्हादईच्या पाण्याचं भांडण लवादापर्यंत गेल्यापासून (लवाद 2010 साली नेमला गेला, निवाडा 2018 साली आला) तर त्या नावाला एक माया चिकटली आहे असं मला वाटतं. पावसाळ्यात चोडणच्या धक्क्यावर उभं राहिलं की पाणी चहाच्या रंगाचं, काठाला खारफुटीची मुळं चिखलातून वर आलेली, पलीकडचं रायबंदर पावसात अर्धं पुसलेलं. पोरीला मांडवी म्हणून हाक मारणाऱ्याच्या मनात हे असतं, जकात नाका नसतो, आणि नावाचा आजचा अर्थ सांगताना ते धरायलाच हवं.

लिहिण्याचा एक घोळ आहे. रोमन लिपीत नदीच्या नावात मधे 'ओ' येतो (Mandovi), ती पोर्तुगीज काळातली राहिलेली खूण, तर मुलीचं नाव देवनागरीवरून उतरवताना 'ए' पडतो (Mandavi). ओळखीतल्या एका घरात जन्मदाखल्यावर ए आणि शाळेच्या रजिस्टरात ओ लागला, पुढे पासपोर्टच्या वेळी अ‍ॅफिडेव्हिट करत बसावं लागलं, त्यामुळे बारशाच्या दिवशीच एक स्पेलिंग ठरवून तेच सगळीकडे द्यावं. देवनागरीत ही अडचण नाही, 'ड'वर मात्रा-वेलांटी काही नाही आणि शेवटची 'वी' दीर्घ.

हे नाव बारशालाच मिळतं असंही नाही. लग्नात नवरीचं नाव बदलायची रीत जिथे पाळली जाते तिथे ते कधी कधी सासरी मिळतं, ताटात तांदूळ पसरून नवरा अंगठीच्या टोकानं तीन अक्षरं ओढतो, आणि 'ड' काढताना दाणे सरकतात म्हणून बाजूची करवली ताट घट्ट धरून बसते.