पाण्याच्या रॉकेटची पहिली सकाळ: संच उघडण्याआधी वाचा

संचात बाटली नाही, ती तुम्ही आणायची. कोल्ड्रिंकचीच, दोन लिटरची. तिच्यात मुळातच दाबाखाली वायू भरलेला असतो, म्हणून ती गोल आणि दणकट घडवलेली असते. साध्या पाण्याची पातळ, चुरचुरणारी बाटली चालणार नाही.

पंख बाटलीच्या तोंडाकडे लावा. उडताना तोंड खाली असतं, हे विसरून उलटे पंख लावणारे बरेच भेटतात. चिकटवायला दुहेरी टेपच वापरा. आमच्या जुन्या पत्रकात आम्ही ग्लू गन सुचवली होती. गरम गोंदाने बाटली आकसायची आणि नेमकी तिथेच कमजोर व्हायची. चूक आमची होती. इन्स्टंट ग्लूही नको, त्याने प्लास्टिक ठिसूळ होतं.

नाकात लिंबाएवढी चिकणमाती भरा. मग रिकामं रॉकेट आडवं तोलून राहतं त्या जागी दोरी बांधा आणि डोक्याभोवती गरगर फिरवा. नाक पुढे ठेवून फिरलं तर ते सरळ जाईल. कोलांट्या मारल्या किंवा शेपूट पुढे आली, तर आणखी माती. ही दोन मिनिटं वाचवणाऱ्यांचं रॉकेट हमखास शेजारच्या सोसायटीत जातं.

मैदानावर सातच्या आत पोचा. वारा पडलेला असतो आणि क्रिकेटवाले यायचे असतात. विजेच्या तारांपासून लांब राहा. तारेत अडकलेलं रॉकेट तिथेच सोडून द्यायचं.

पाणी साधारण एक तृतीयांश, म्हणजे 600 ते 700 मिली. जास्त पाणी म्हणजे जास्त जोर, असं मुलांना वाटतं. खरा जोर दाबलेल्या हवेचा. पाणी खाली फेकलं जातं म्हणून बाटली वर जाते. काठोकाठ भरलंत तर हवेला जागाच नाही. नुसती हवा ठेवलीत तर खाली फेकायला वजन नाही. 300, 650 आणि 1000 मिली असं ओळीने उडवून बघा, मुलं आपोआप वाद घालायला लागतील.

सगळे पाच मीटर मागे. पंपाने हवा भरा. गेजवर 50 पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक) झालं की रॉकेट सोडायची दोरी ओढा. 60 च्या वर कधीच नाही. सुटलं नाही तर वाकून बघू नका, पंपाजवळच्या लाल चावीने हवा सोडा. पडलेली बाटली लगेच उचललीत तर आत पांढरं धुकं दिसेल: हवा एकदम प्रसरण पावून गार होते, त्यातल्या वाफेचे बारीक थेंब होतात.

उंची मोजायची? 30 मीटर लांब उभे राहा, कोनमापकाला ओळंबा बांधा. रॉकेट सरळ वर जाऊन टोकाशी 45 अंशांवर दिसलं, तर ते तुमच्या डोळ्यांच्या पातळीपासून 30 मीटर वर आहे.

दिवाळीतल्या बाणाची दारू भरली तर, असं दर सुट्टीत कुणीतरी विचारतं. नाही. अजिबात नाही.

बाटलीवर पांढरी रेघ किंवा घडी दिसली की ती भंगारात. रबरी रिंग हरवली तर सांगा, आम्ही देऊ.