खारीक की अनारसा? बजीच्या नाकावरची खपली

आपल्याकडे ‘लव्हबर्ड’ म्हणून सर्रास विकले जाणारे छोटे हिरवे-निळे-पिवळे पक्षी म्हणजे खरं तर ऑस्ट्रेलियातले बजरीगर, थोडक्यात बजी. (खरे लव्हबर्ड आफ्रिकेतले, पण यावरून दुकानदाराशी हुज्जत घालण्यात अर्थ नाही.) त्यांच्या चोचीच्या मुळाशी, नाकपुड्या असतात तिथे एक मऊशी गादी असते. तिला सीअर म्हणतात. सगळा घोळ तिथेच होतो.

आमच्या पिवळीची ही गादी एकदा तपकिरी आणि खडबडीत झाली. खरूज समजून मी आठवडाभर खोबरेल चोळलं. कपाळावरची पिसं तेवढी चिकट झाली. महिन्याभराने ती खपली आपोआप गळून पिंजऱ्याच्या तळाशी बाजरीत पडलेली सापडली. बाईसाहेब फक्त विणीला आल्या होत्या!

मादी विणीला आली की संप्रेरकांमुळे गादी तपकिरी, जाड आणि सुरकुतलेली होते, अगदी खारकेसारखी. पण हा बदल गादीपुरताच राहतो. चोच गुळगुळीत, डोळ्यांभोवतीची कातडी स्वच्छ. नाकपुड्या बुजत नसतील तर हातही लावू नका.

खरूज वेगळी. ती सूक्ष्म किड्यांमुळे होते. हे किडे कातडीत आणि चोचीच्या पृष्ठभागात बिळं करतात, म्हणून मोबाइलचा टॉर्च धरून नीट पाहिलं तर पांढुरक्या खपलीत अनारशाला पडते तशी बारीक जाळी दिसते. सुरुवात बऱ्याचदा जबड्याच्या कोपऱ्यातून होते. मग गादी, डोळ्यांच्या कडा, पाय. दुर्लक्ष झालं तर चोच वाकडीतिकडी वाढते आणि ती वाकडी कायमची राहू शकते. नर-मादी असा भेद इथे नाही. पिल्लाला घरट्यातच आईबापांकडून लागण होते आणि कित्येक महिने काही दिसतही नाही.

उपाय सोपा आहे, पण घरगुती नाही. पशुवैद्य आयव्हरमेक्टिनसारखं औषध वजनानुसार, काही दिवसांच्या अंतराने देतात. पक्षी जेमतेम ३०-४० ग्रॅमचा, त्यामुळे गुरांसाठीची बाटली आणून अंदाजाने थेंब टाकणं म्हणजे त्याच्या जिवाशी खेळ. खपली नखाने उचकटू नका. वाढलेली चोच नेलकटरने कापू नका, आत रक्तवाहिनी असते. पिंजऱ्यातल्या सगळ्याच पक्ष्यांना औषध लागतं. जुन्या लाकडी दांड्या टाकूनच द्या.

एक तिसरी गोष्ट मात्र दोन्हींत बसत नाही. नराची निळी गादी तपकिरी व्हायला लागली तर ते विणीचंही लक्षण नाही आणि खरजेचंही. वृषणात गाठ असू शकते, तेव्हा लगेच दाखवा. नेताना पिंजरा घासूनपुसून नेऊ नका. तळाचा कागद तसाच राहू द्या, डॉक्टरांना विष्ठाही बघायची असते.