खोली फ्री आहे का?

‘स्पॅमच्या शब्दांच्या’ याद्या इंटरनेटवर सतत फिरत असतात. फ्री, ऑफर, अर्जंट, विनर वगैरे. हे शब्द दिसले की मेल कचऱ्यातला समजावा, आणि आपणही ते लिहू नयेत, नाहीतर आपलं पत्र समोरच्याच्या स्पॅममध्ये जातं, असं त्यात ठासून सांगितलेलं असतं. दापोली तालुक्यात आंजर्ल्याच्या बाजूला पर्यटकांना घरच्याच खोल्या भाड्याने देणाऱ्या माझ्या एका परिचितांनी अशीच यादी वाचून जीमेलमध्ये नियम करून टाकला: मेलमध्ये ‘फ्री’ असेल तर डिलीट. नाताळच्या तोंडावर चौकशा अचानक आटल्या. त्यांनी दोष दिला तो रस्त्यांना. खरं कारण असं की पुण्या-बंगळुरूचा माणूस इंग्रजीत खोली मोकळी आहे का हे विचारताना ‘फ्री’ हाच शब्द वापरतो. गिऱ्हाईक दारात येत होतं आणि नियम त्याला परस्पर बाहेर काढत होता. जीमेलच्या ट्रॅशमध्ये टाकलेला मेल ३० दिवस राहतो, त्यानंतर तो कुणालाच सापडत नाही.

शब्द पाहून हाकलणं ही कल्पना तशी जुनीच. आणि कचराही जुना. ३ मे १९७८ रोजी डिजिटल इक्विपमेंट या कंपनीच्या गॅरी थुर्क यांनी अर्पानेट या इंटरनेटच्या पूर्वज जाळ्यावरच्या सुमारे ४०० जणांना नव्या संगणकांची जाहिरात एका झटक्यात पाठवली. नको असलेल्या घाऊक मेलचा पहिला नमुना म्हणून तीच दाखवली जाते. पुढे १९८२ मध्ये मेल पोहोचवण्याचे जे नियम ठरले, त्यांत पाठवणाऱ्याने स्वतःचं म्हणून दिलेलं नाव खरं आहे की खोटं हे तपासण्याची सोयच नव्हती. तेव्हाच्या जाळ्यावर एकमेकांना ओळखणारी मंडळी होती, त्यामुळे कुणाला गरजही वाटली नाही. त्याची किंमत आपण अजून मोजतो आहोत.

तर ‘फ्री’. एखादा शब्द ‘स्पॅमचा आहे’ या म्हणण्याला तसा काही अर्थ नाही. विचारायचं ते असं: हा शब्द कचऱ्यात किती वेळा येतो, आणि माझ्या चांगल्या मेलमध्ये किती वेळा येतो? या दोन आकड्यांचं गुणोत्तर हे त्या शब्दाचं वजन. या गणिताचं मूळ थॉमस बेझ या इंग्रज धर्मोपदेशकाच्या टिपणात आहे. तो १७६१ मध्ये वारला आणि त्याचा मित्र रिचर्ड प्राइस याने ते टिपण १७६३ मध्ये उजेडात आणलं. मेलच्या चाळणीसाठी हे गणित १९९८ मध्ये मेहरान साहामी आणि मायक्रोसॉफ्टमधल्या संशोधकांनी वापरून दाखवलं. २००२ मध्ये पॉल ग्रॅहम या प्रोग्रॅमरने त्यावर एक निबंध लिहिला आणि मग ते घरोघरी पोहोचलं.

आकडे घेऊन बघू. आकडे मी सोयीचे धरले आहेत, गणित मात्र खरं आहे. समजा आमच्या परिचितांच्या पेटीत १०० मेल आहेत, त्यांतले ६० कचरा आणि ४० कामाचे. मेल न उघडता पैज लावायची तर पारडं कचऱ्याच्या बाजूने ३ विरुद्ध २. आता ‘फ्री’ हा शब्द ६० कचरा मेलपैकी २४ मध्ये आहे, म्हणजे ४० टक्के; आणि ४० चांगल्यांपैकी १२ मध्ये आहे, म्हणजे ३० टक्के. ४० भागिले ३०, म्हणजे ४ विरुद्ध ३. आधीच्या पारड्याला याने गुणायचं: ३ गुणिले ४, विरुद्ध २ गुणिले ३. उत्तर १२ विरुद्ध ६, म्हणजे २ विरुद्ध १. एवढा बदनाम शब्द, आणि त्याने पारडं दीडपटीवरून दुपटीवर नेलं, बस्स. त्याच्यावर विसंबून डिलीट केलं की ३६ मेल जातात आणि त्यांतले १२ कामाचे असतात. तिनात एक.

आता त्याच मेलमध्ये ‘चेक-इन’ हा शब्दही आहे. तो कचऱ्यात ६० पैकी ३ मध्ये, म्हणजे ५ टक्के, आणि चांगल्यात ४० पैकी २० मध्ये, म्हणजे ५० टक्के. गुणोत्तर १ विरुद्ध १०. आपलं २ विरुद्ध १ आता २ विरुद्ध १०, म्हणजे १ विरुद्ध ५ झालं. एका शब्दाने पारडं पार फिरवलं! मला या गणितातलं हेच सगळ्यात आवडतं. इथे कुणालाही एका साक्षीवर फाशी होत नाही. प्रत्येक शब्द आपापल्या वजनाची साक्ष देतो, आणि विरुद्ध बाजूची साक्षही तितक्याच निमूटपणे ऐकली जाते.

मग येतो ‘आंजर्ले’. चांगल्या ४० पैकी १६ मेलमध्ये गावाचं नाव आहे, कचऱ्यात एकाही नाही. गुणोत्तर शून्य. शून्याने गुणलं की बाकी सगळ्या साक्षी पुसल्या गेल्या. म्हणजे उद्या एखाद्या ठकाने लॉटरीच्या मेलमध्ये कुठेतरी ‘आंजर्ले’ एवढा एक शब्द टाकला की तो थेट आत. हे चालणार नाही. ‘आजवर दिसलं नाही’ याचा अर्थ ‘कधीच दिसणार नाही’ असा होत नाही, हे लाप्लास या फ्रेंच गणितज्ञाने ओळखलं होतं. त्याचा तोडगा असा की प्रत्येक मोजणीत वर १ मिळवायचा आणि खाली २, कारण शब्द असणं आणि नसणं अशा दोनच शक्यता. मग कचऱ्यात ० भागिले ६० ऐवजी १ भागिले ६२, आणि चांगल्यात १६ भागिले ४० ऐवजी १७ भागिले ४२. गुणोत्तर साधारण १ विरुद्ध २५. पारडं १ विरुद्ध १२५ वर आलं, म्हणजे मेल कचरा असण्याची शक्यता एक टक्क्याहूनही कमी. (काटेकोरपणे आधीच्या दोन शब्दांनाही हेच मिळवायला हवं होतं, तिथे उत्तरात फारसा फरक पडत नाही म्हणून सोडलं.)

मेल लांबलचक असला की आणखी एक अडचण. चारशे शब्दांची चारशे छोटी गुणोत्तरं एकमेकांना गुणत गेलं तर उत्तर इतकं बारीक होतं की संगणक नेहमी ज्या पद्धतीने अपूर्णांक साठवतो तीत दशांश चिन्हापुढे सव्वातीनशेच्या आसपास शून्यं झाली की तो हात टेकतो आणि सरळ शून्य लिहितो. म्हणून गुणाकार करायचाच नाही. प्रत्येक गुणोत्तराचा लॉगरिदम, म्हणजे गुणाकाराची बेरीज करून देणारा आकडा, घ्यायचा आणि बेरीज करायची. कॉलेजात लॉग टेबलाचा ज्यांनी राग राग केला, त्यांची पत्रं आज त्याच लॉगरिदमच्या जोरावर सुखरूप पोहोचतात. उत्तर धन आलं तर कचरा, ऋण आलं तर कामाचं. खरं तर रेघ शून्यावर मारायची नसते, कारण दोन चुका सारख्या नाहीत: कचरा आत आला तर एक क्लिक वाया जातं, गिऱ्हाईक बाहेर गेलं तर मुक्काम वाया जातो. ग्रॅहमने यासाठी चांगल्या मेलमधल्या शब्दांची मोजणी दुप्पट धरली होती आणि ०.९ च्या वर शक्यता गेली तरच कचरा म्हटलं होतं. त्याला एक गंमतही सापडली. भडक लाल रंगाचा संगणकी संकेत, एफएफ००००, हा कुठल्याही अश्लील शब्दाइतकाच खात्रीचा पुरावा निघाला. यादी करणाऱ्याच्या डोक्यात हे कधी आलं असतं?

या पद्धतीत एक खोट आहे आणि ती उघड आहे. शब्द एकमेकांशी संबंध न ठेवता येतात असं इथे गृहीत धरलेलं असतं. ‘चेक-इन’ आला की ‘चेक-आउट’ येतोच. म्हणजे एकाच साक्षीदाराची जबानी दोनदा नोंदवली जाते. तरीही निकाल बहुतेक वेळा बरोबर लागतो, कारण आपल्याला नेमकी टक्केवारी नको असते, पारडं कुणीकडे झुकलं एवढंच हवं असतं.

मराठीत मात्र शब्द मोजणं इतकं सरळ नाही. दापोली, दापोलीत, दापोलीला, दापोलीहून हे आपल्याला एकच, पण शब्द मोजणाऱ्या यंत्राला चार वेगळे. साक्ष चार जणांत विभागली जाते आणि प्रत्येकाचं वजन घटतं. त्यात बरेच लोक मराठी रोमन लिपीत लिहितात आणि ‘आहे’ची स्पेलिंगं ज्याच्या त्याच्या मर्जीवर. त्याहून छुपी गोष्ट म्हणजे ‘गाऱ्हाणं’ किंवा ‘तऱ्हा’ यांतला तो अर्धा र संगणकात दोन प्रकारे साठवता येतो. पडद्यावर तो तसाच दिसतो, आत आकडे वेगळे असतात, आणि तुम्ही एका प्रकारे टंकलेला नियम दुसऱ्या प्रकारच्या शब्दाला ओळखेलच असं नाही. म्हणून काही चाळण्या पूर्ण शब्द मोजत नाहीत. तीन-तीन, चार-चार अक्षरांचे तुकडे पाडून ते मोजतात. मग ‘दापोली’चा तुकडा चारही रूपांत सापडतो.

आमच्याकडे महत्त्वाच्या कामाआधी देवाला कौल लावतात. उजवीकडचा प्रसाद पडला की होकार, डावीकडचा पडला तर थांबायचं. चाळणीही असाच उजवा-डावा निर्णय देते, पण कौल खरा ठरला किती वेळा आणि खोटा किती वेळा, याची वही कुठल्या गावाने ठेवल्याचं माझ्या पाहण्यात नाही. चाळणीला ती वही ठेवावीच लागते. आपण ‘हा स्पॅम नाही’ हे बटण दाबतो तेव्हा त्या वहीतच नोंद करत असतो. सुरुवातीला म्हटलेल्या शब्दांच्या याद्या मी कौलाच्याच खात्यात टाकतो. ‘आमचं एआय शंभर टक्के ओळखतं’ म्हणणाऱ्या जाहिरातीही तिथेच. कुठल्या चुका किती, हे जो सांगत नाही त्याच्या शंभराला अर्थ नाही.

ठकांनीही हातपाय हलवलेच. अक्षरांच्या मध्ये आकडे घुसवले, तर तो विचित्र शब्दच पक्का पुरावा ठरला, कारण भला माणूस तसं लिहीत नाही. मग मजकूर चित्रात घातला. मग मेलच्या शेवटी गोष्टीच्या पुस्तकातले उतारे चिकटवले, चांगल्या शब्दांचं वजन मिळावं म्हणून. या चढाओढीत मजकुराइतकाच पाठवणाराही तपासणं आलं: एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तीन व्यवस्था. पहिलीत पत्त्यातल्या @ नंतरच्या नावाने कोणत्या यंत्रांनी मेल पाठवावा ते जाहीर असतं, दुसरीत मेलवर संगणकी सही असते, आणि हे जुळलं नाही तर काय करायचं ते तिसरी सांगते. फेब्रुवारी २०२४ पासून, दिवसाला जीमेलच्या खात्यांवर ५,००० हून जास्त मेल पाठवणाऱ्यांना गुगलने या तिन्ही सक्तीच्या केल्या.

मग आपण हाताने नियम करायचेच नाहीत का? करायचे, पण कचरा ओळखण्याचं काम चाळणीवर सोडून. नियम हवेत ते नको असलेल्या पण खऱ्या मेलसाठी: बँकेच्या योजना, कधीतरी घेतलेल्या कुकरच्या कंपनीची पत्रं, तिकिटांच्या सवलती. जीमेलमध्ये शोधपट्टीच्या उजव्या टोकाच्या चिन्हावर दाबलं की खिडकी उघडते. तिथे पाठवणाऱ्याचा पत्ता किंवा शब्द घालून आधी नुसतं शोधून बघावं. नियम काय काय पकडणार ते जुन्या मेलमध्ये तिथल्या तिथे दिसतं. आमच्या परिचितांनी ‘फ्री’ला एवढंच केलं असतं तर डिसेंबरातच उलगडा झाला असता. घाऊक पत्रांत ‘अनसबस्क्राइब’ हा शब्द बहुधा असतोच, तो धरून नियम केला तर मोठा ढीग बाजूला होतो. पण कृती ‘डिलीट’ नको. ‘इनबॉक्स टाळा’ आणि ‘लेबल लावा’ या दोन पुरतात, आठवड्यातून एकदा त्या लेबलाखाली डोकवावं. बुकिंगच्या संकेतस्थळाच्या पत्त्यासाठी ‘कधीही स्पॅममध्ये टाकू नका’ हा उलटा नियमही हवा. आउटलुक वापरणाऱ्यांनी नियमांचा क्रम बघावा. तिथे ते वरून खाली चालतात आणि ‘पुढचे नियम थांबवा’ अशी खूण असलेला नियम लागला की खालच्यांची पाळी येत नाही. जीमेलवाल्यांना आणखी एक सोय: आपल्या पत्त्यात @ च्या आधी अधिकचं चिन्ह टाकून पुढे दुकानाचं नाव लिहिलं तरी मेल आपल्याकडेच येतो. उद्या त्या शेपटीच्या पत्त्यावर भलत्याचाच मेल आला तर पत्ता कुणी वाटला ते कळतं, आणि त्या शेपटीवर नियमही करता येतो.

किनाऱ्यावर अलीकडे जो मेल सगळ्यात महागात पडतो, तो यांपैकी कशालाच सापडत नाही. स्वतःला लष्करी अधिकारी म्हणवणारा कुणी कुटुंबासाठी खोल्या मागतो, तारखा देतो, जेवणात मासे मिळतील का विचारतो. प्रत्येक शब्द चांगल्या बाजूचा, पत्ता खरा जीमेलचा, सहीही बरोबर. आपलं गणित त्याला १ विरुद्ध १२५ देऊन आत सोडणार. मग तो आगाऊ रक्कम पाठवण्यासाठी म्हणून क्यूआर कोड पाठवतो आणि स्कॅन करून पिन टाकायला सांगतो. पिन टाकली की पैसे जातात ते आपले. इथे नियमाचा उपयोग एवढाच की ‘क्यूआर’, ‘स्कॅन’ आणि ‘रिफंड’ यांपैकी काही असलेल्या मेलवर ‘आधी फोन करा’ असं लाल लेबल लागावं, आणि मेल मात्र इनबॉक्समध्येच राहावा.