नव्वद दिवसांचा साधनाक्रम आणि १९६६चा निर्णय

अमेरिकेतून निघालेला कॅथलिक पुरुषांचा नव्वद दिवसांचा साधनाक्रम गेल्या दशकभरात बराच पसरला. थंड पाण्याची अंघोळ, दारू आणि गोड बंद, दोन जेवणांच्या मध्ये तोंडात काही टाकायचं नाही, बुधवारी-शुक्रवारी उपास, रोज मौन प्रार्थना आणि किमान सात तास झोप. पाच-सात जणांचा गट आठवड्यातून एकदा भेटतो; त्यातला एक जोडीदार रोज चौकशी करतो. ईस्टरला संपेल असा हिशेब करून बहुतेक गट जानेवारीत सुरुवात करतात. याला कोणी नवं फॅड म्हणतं, कोणी जुन्या मठांची परंपरा. खरं कारण मात्र १९६६ सालात आहे.

त्याआधी काय सोडायचं हा प्रश्नच नव्हता, कारण नियम वरून येई. १९१७च्या धर्मसंहितेनुसार, म्हणजे चर्चच्या कायद्यानुसार, २१ ते ५९ वयाच्या माणसाला रविवार सोडून उपवासकाळाचा (ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांचा) प्रत्येक दिवस उपासाचा होता, आणि वर्षातला जवळजवळ प्रत्येक शुक्रवार मांसवर्ज्य. दोन्ही बंधनं वेगळी. उपास म्हणजे दिवसात एकच पूर्ण जेवण, शिवाय थोडंसं खाणं. एकादशीचा हिशेब इथे चालत नाही: भात, पोळी, डाळ सगळं चालतं, मर्यादा फक्त प्रमाणाची. मांसवर्ज्य दिवशी पोटभर जेवा, पण मटण-कोंबडी नको, मासळीला मुभा. वसईच्या किनाऱ्यावर शुक्रवारी पापलेट खाणाऱ्याने नियम पाळलाच, त्याग किती झाला हे त्याचं त्याला ठाऊक.

फेब्रुवारी १९६६मध्ये पोपनी हा साचा बदलला. सक्तीचा उपास दोनच दिवसांवर आला: राखेचा बुधवार (उपवासकाळाचा पहिला दिवस) आणि गुड फ्रायडे. शुक्रवारचं प्रायश्चित्त कायम राहिलं, पण मांस सोडण्याऐवजी प्रार्थना किंवा दानधर्म चालेल, असं ठरवण्याची मोकळीक देशोदेशीच्या बिशपांना मिळाली. अमेरिकेतल्या बिशपांनी त्याच नोव्हेंबरात उपवासकाळाबाहेरच्या शुक्रवारची सक्ती उठवली. त्यांच्या निवेदनात मांस स्वेच्छेने सोडत राहा, अशी कळकळीची विनंती होती. लोकांनी पहिला भाग ऐकला, दुसरा ऐकलाच नाही. एका पिढीत शुक्रवार इतर वारांसारखा झाला.

या बदलाच्या समर्थकांची बाजू लंगडी नव्हती. नियमाला मासळी चालते म्हणून महागडी मासळी मागवणाऱ्याचा उपास कसला, आणि एरवीही मांस न परवडणाऱ्या गरिबाने नेमकं काय सोडायचं? पण १९७०मध्ये एका ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी दाखवून दिलं की लंडनमधल्या आयरिश कष्टकऱ्यांसाठी शुक्रवारचा नियम ही ओळख होती; शिकलेल्या सुधारकांनी तिला पोकळ कर्मकांड समजून फेकून दिलं. या वादात बाईंचं पारडं जड वाटतं. इंग्लंड-वेल्सच्या बिशपांनी सप्टेंबर २०११पासून शुक्रवारचा नियम परत आणला, ही त्याची एक प्रकारे कबुलीच. दरम्यान १९८३च्या संहितेने उपासाचं किमान वय १८वर आणलं; वरची मर्यादा ५९च राहिली.

‘स्वतःचं स्वतः ठरवा’ म्हटलं की बरेच जण काहीच ठरवत नाहीत, आणि उरलेले अतिरेक करतात. या दुसऱ्या धोक्याची जाण जुन्या मठांना होती. सहाव्या शतकात इटलीत लिहिलेल्या नियमावलीत रोज सुमारे एक पौंड भाकरीचं माप आहे, आणि उपवासकाळात जादा काही करायचं तर आधी मठाधिपतींना सांगायचं. न सांगता केलेला त्याग हा अहंकार धरला जाई. तेव्हा उपवासकाळात जेवण संध्याकाळी होई. मध्ययुगात ते सरकत बारावर आलं, मग रात्री भूक लागू लागली म्हणून थोडं खाणं मान्य झालं. त्याहून मागे, इजिप्तच्या वाळवंटातल्या साधकांमध्ये तर उपासाची चढाओढ लागे, आणि वडीलधारे साधक ती मोडून काढत.

आजच्या गटांचे घोटाळे ओळखीचेच आहेत. चहा-कॉफी एकदम तोडली की पहिले दोन-तीन दिवस डोकं ठणकतं, आणि तो त्रास माणूस साधनेच्या खाती मांडतो. संध्याकाळी उपास सोडताना दोन जेवणं एकदम होतात. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असताना डॉक्टरांना न विचारता उपास धरला जातो. विवाहित माणूस पहाटे प्रार्थनेला बसतो आणि मुलांचा डबा बायकोच्या गळ्यात पडतो. गटातली चौकशीही लवकरच गुणपत्रिका बनते: किती अंघोळी चुकल्या, किती दिवस भरले. म्हणून अनुभवी धर्मगुरू सुरुवातीला एकच वार आणि एकच बंधन देतात, तेही पापकबुलीच्या वेळी विचारून.

एक वाद अजून मिटलेला नाही. ईस्टरनंतरचे पन्नास दिवस पूर्वापार आनंदाचे, उपास नसलेले. जानेवारीपासून कडक राहिलेला माणूस त्या काळात सगळंच सोडून देतो, म्हणून काही धर्मगुरू नव्वदऐवजी मूळचे चाळीसच दिवस पाळायला सांगतात.