विल्की कॉलिन्स

कॉलिन्स, विल्यम विल्की : (८ जानेवारी १८२४ – २३ सप्टेंबर १८८९). व्हिक्टोरियाकालीन इंग्रज कादंबरीकार, कथाकार व नाटककार. ‘द वुमन इन व्हाइट’ (१८६०) आणि ‘द मूनस्टोन’ (१८६८) या दोन कादंबऱ्यांमुळे तो आजही वाचला जातो. इंग्रजी गुप्तहेरकथेचा पाया घालणाऱ्यांत त्याची गणना होते. त्याच्या पुस्तकांत मात्र पोलिसांपेक्षा वकिलांचा वावर जास्त. मृत्युपत्र, विवाहनोंद, मिळकतीचा करारनामा, साक्षीदाराची जबानी यांवर त्याची कथानके उभी असतात आणि पुष्कळदा त्यांतला सर्वांत मोठा अन्याय कायद्याला धरूनच झालेला निघतो.

जन्म लंडनच्या मॅरिलबोन भागात. वडील विल्यम कॉलिन्स हे रॉयल ॲकॅडमीचे सदस्य आणि नावाजलेले निसर्गचित्रकार. त्यांचे मित्र व मुलाचे धर्मपिता डेव्हिड विल्की हेही चित्रकार. ‘विल्की’ हे नाव त्यांच्यावरूनच आले. १८३६ ते १८३८ या काळात सारे कुटुंब फ्रान्स आणि इटलीत राहिले. शाळेत शिकलो नाही एवढे तिथली चित्रे आणि माणसे पाहून शिकलो, असे तो पुढे सांगत असे. परतल्यावर त्याला हायबरीच्या वसतिगृहाच्या शाळेत घातले. तिथला एक दांडगा मुलगा रात्री त्याच्याकडून गोष्टी वदवून घेई, आणि गोष्ट रंगली नाही तर मार देई. आपल्यातला कथाकार त्या मुलानेच जागा केला, असे कॉलिन्स म्हणे. स्वतःविषयीचे किस्से रंगवून सांगण्याची त्याला हौस होती, हे लक्षात ठेवून हा किस्सा वाचावा.

१८४१ मध्ये वडिलांनी त्याला स्ट्रँडवरच्या एका चहाच्या पेढीत उमेदवारीला लावले. तिथे हिशेबाच्या वह्यांपेक्षा कथा-कादंबऱ्यांचीच पाने जास्त भरली. ताहितीच्या पार्श्वभूमीवरची ‘इओलानी’ ही पहिली कादंबरी प्रकाशकांनी परत पाठवली. १८४६ मध्ये तो लिंकन्स इनमध्ये कायदा शिकू लागला आणि १८५१ मध्ये त्याला बॅरिस्टरीची सनद मिळाली. वकिली त्याने एक दिवसही केली नाही, पण पुढच्या जवळजवळ प्रत्येक पुस्तकात हा अभ्यास कामी आला. दरम्यान १८४७ मध्ये वडील वारले. त्यांचे दोन खंडांतले चरित्र (१८४८) हे त्याचे पहिले छापील पुस्तक. त्यानंतर प्राचीन रोमवरची ‘अँटोनिना’ (१८५०) ही कादंबरी आणि रेल्वे न पोचलेल्या कॉर्नवॉलमधल्या पायी भटकंतीचे ‘रॅम्बल्स बियाँड रेल्वेज’ (१८५१) हे प्रवासवर्णन आले.

१८५१ च्या मार्चमध्ये एका हौशी नाटकाच्या निमित्ताने चार्ल्स डिकन्सशी गाठ पडली. डिकन्स सरदार झाला होता, कॉलिन्स त्याचा नोकर. वयात बारा वर्षांचे अंतर असूनही घट्ट मैत्री जमली. ‘हाउसहोल्ड वर्ड्स’ या डिकन्सच्या साप्ताहिकात तो लिहू लागला आणि १८५६ मध्ये पगारी संपादकवर्गात गेला. ‘द फ्रोझन डीप’ या नाटकात दोघांनी भूमिका केल्या; १८५७ च्या जुलैत त्याचा एक खास प्रयोग राणी व्हिक्टोरियानेही पाहिला. १८६० मध्ये कॉलिन्सच्या धाकट्या भावाचे, चित्रकार चार्ल्सचे, डिकन्सच्या केट या मुलीशी लग्न झाले. डिकन्सला हे लग्न मनापासून पसंत नव्हते.

याच वर्षांत ‘बेझिल’ (१८५२), ‘हाइड अँड सीक’ (१८५४), ‘द डेड सीक्रेट’ (१८५७) या कादंबऱ्या आणि ‘आफ्टर डार्क’ (१८५६) हा कथासंग्रह निघाला. त्यांतली ‘अ टेरिबली स्ट्रेंज बेड’ ही पॅरिसच्या जुगारअड्ड्यातली कथा अजून संकलनांत भेटते. जुगार जिंकलेल्या पाहुण्याला रात्री झोपायला जो पलंग देतात, त्याचे छत मळसूत्राने हळूहळू खाली येऊन त्याला गुदमरवते! ‘द डायरी ऑफ ॲन रॉडवे’ (१८५६) या कथेत एक गरीब शिवणकाम करणारी मुलगी आपल्या मैत्रिणीच्या मृत्यूचा छडा लावते.

खळबळजनक कादंबरी

‘द वुमन इन व्हाइट’ २६ नोव्हेंबर १८५९ पासून २५ ऑगस्ट १८६० पर्यंत ‘ऑल द इयर राउंड’ या डिकन्सच्या नव्या साप्ताहिकात क्रमशः आली. मध्यरात्री लंडनच्या वाटेवर पांढऱ्या कपड्यांतली एक भेदरलेली बाई वॉल्टर हार्टराइट या चित्रकलाशिक्षकाच्या खांद्याला स्पर्श करते, असा प्रारंभ. पुढे कटाची आखणी अशी : लॉरा फेअरली या श्रीमंत मुलीचे लग्न सर पर्सिव्हल ग्लाइडशी होते. नवऱ्याआधी ती निपुत्रिक वारली तर तिचे वीस हजार पौंड नवऱ्याकडे जावेत, असे कलम लग्नाच्या करारात घातले जाते. घरचा वकील विरोध करतो; आजाराचे सोंग घेऊन बसलेला चुलता सही करून मोकळा होतो. मग पांढऱ्या कपड्यांतली, लॉरासारखी दिसणारी ॲन मरते तेव्हा तिला लॉरा म्हणून पुरतात आणि जिवंत लॉराला ॲन म्हणून वेड्यांच्या इस्पितळात कोंडतात. मी तीच, हे एका बाईने सिद्ध करायचे कसे, हा कादंबरीचा खरा पेच आहे. कटाचे बीज कॉलिन्सला पॅरिसमध्ये रस्त्यावरच्या पुस्तकविक्रेत्याकडे सापडलेल्या जुन्या फ्रेंच खटल्यांच्या संग्रहात मिळाले.

मांडणीही कोर्टातली. एकेक पात्र आपल्याला ठाऊक तेवढेच सांगून उतरते. वाचकाने न्यायाधीशासारखे ऐकायचे. खलनायक काउंट फॉस्को हा लठ्ठ, गोडबोल्या, पांढरे उंदीर बाळगणारा इटालियन; त्याच्या बुद्धीला पुरून उरणारी मॅरियन हाल्कोम ही लॉराची सावत्र बहीण. लॉरा स्वतः फिकी वाटते. लोकांनीही त्या वेळी मॅरियनलाच पसंती दिली. ‘वुमन इन व्हाइट’ नावाची अत्तरे, टोप्या, झगे आणि नाचाच्या धून बाजारात आल्या. याच सुमारास ‘टाइम्स’च्या परीक्षकाने तारखा जुळवून दाखवले की, लॉराचा लंडन-प्रवास कथेत दिलेल्या दिवशी झालेला असूच शकत नाही. सारा कटच त्या तारखेवर टेकलेला! पुढच्या आवृत्तीत कॉलिन्सने तारखा दुरुस्त केल्या.

या यशानंतर इंग्लंडमध्ये ‘खळबळजनक कादंबरी’ची लाट आली. मिसेस हेन्री वुड आणि मेरी एलिझाबेथ ब्रॅडन याच लाटेतल्या. दरवडे आणि भुताचे वाडे जाऊन त्यांच्या जागी शेजारच्या सभ्य घरातली गुपिते आली, हे या प्रकाराचे वैशिष्ट्य. टीकाकारांना त्यात अनीती दिसली.

‘नो नेम’ (१८६२) कॉलिन्सच्या कायदेशीर दृष्टीचा सर्वांत टोकदार नमुना आहे. व्हॅनस्टोन दांपत्य वर्षानुवर्षे एकत्र राहते, पण नवऱ्याची पहिली बायको जिवंत असल्याने लग्न झालेले नसते. ती वारल्यावर दोघे गुपचूप लग्न करतात. लग्नामुळे आधीचे मृत्युपत्र रद्द होते. नवे होण्याआधी बाप रेल्वे अपघातात जातो, पाठोपाठ आईही. लग्नाआधी जन्मलेल्या दोन्ही मुली कायद्याने कुणाच्याच नाहीत, त्यामुळे सारी मिळकत भांडखोर चुलत्याकडे. आईबापांच्या नंतरच्या लग्नाने मूल औरस ठरण्याची सोय इंग्लंडमध्ये १९२६ च्या कायद्याने झाली. धाकटी मॅग्डालेन नाव आणि वेष बदलून ती मिळकत परत मिळवायला निघते, आणि लेखकाने सहानुभूती तिच्या बाजूने ठेवल्याचाच टीकाकारांना राग आला. पुढची ‘आर्माडेल’ (१८६६) त्याने पाच हजार पौंडांच्या करारावर ‘कॉर्नहिल’ मासिकासाठी लिहिली. तिची नायिका लिडिया ग्विल्ट विषप्रयोग केलेली स्त्री आहे. कथानक मात्र स्वप्ने आणि योगायोग यांच्या ओझ्याने वाकते.

द मूनस्टोन

ही कादंबरी ४ जानेवारी ते ८ ऑगस्ट १८६८ या काळात क्रमशः प्रसिद्ध झाली. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यावरच्या लुटीत कर्नल हर्नकॅसल टिपूच्या शस्त्रागारातून एक पिवळा हिरा बळकावतो. त्यासाठी रक्षक ब्राह्मणांचे खून करतो. तो हिरा १८४८ मध्ये त्याच्या भाचीला, रेचेल व्हेरिंडरला, अठराव्या वाढदिवशी मिळतो आणि त्याच रात्री यॉर्कशरमधल्या वाड्यातून नाहीसा होतो. वाड्याभोवती तीन हिंदू जादूगार फिरताना दिसलेले असतात, म्हणून संशय आधी त्यांच्यावर.

बंद घर, मोजके संशयित, गावठी पोलिसाने घातलेला घोळ, मग राजधानीतून बोलावलेला नामांकित गुप्तहेर, शेवटी प्रसंगाची पुन्हा उभारणी : पुढच्या शंभर वर्षांच्या रहस्यकथांचे सामान इथे एकत्र सापडते. गुलाबाच्या वाफ्यांवर जीव असलेला सार्जंट कफ हा स्कॉटलंड यार्डच्या जोनाथन व्हिचर या खऱ्या अधिकाऱ्यावरून घेतला आहे. १८६० च्या रोड हिल हाउस बालहत्येत व्हिचरने कॉन्स्टन्स केंट या घरातल्याच सोळा वर्षांच्या मुलीवर बोट ठेवले होते, एका हरवलेल्या रात्रीच्या झग्याच्या आधारे. सभ्य घरातल्या मुलीवर आळ घेतला म्हणून तो बदनाम झाला. १८६५ मध्ये तिनेच गुन्हा कबूल केला. कादंबरीतला झगा रंगाचा डाग लागलेला आहे, आणि कफचा तर्क चुकतो.

रहस्य फोडल्याशिवाय या कादंबरीबद्दल लिहिता येत नाही. हिरा उचलतो तो स्वतः शोध घेणारा नायक फ्रँकलिन ब्लेक. डॉक्टरने नकळत पाजलेल्या अफूच्या अमलाखाली त्याने तो सुरक्षित ठेवण्यासाठी हलवलेला असतो आणि त्याला काहीच आठवत नाही. त्याच्या हातून हिरा लांबवतो तो समाजसेवेच्या सभा गाजवणारा गॉडफ्री एबलव्हाइट. अफूचे हे वर्णन ऐकीव नव्हते. संधिवात आणि डोळ्यांच्या दुखण्यावर कॉलिन्स अनेक वर्षे लॉडनम, म्हणजे मद्यार्कात उतरवलेली अफू, घेत होता, आणि मात्रा वाढतच गेली. ‘द मूनस्टोन’ लिहिताना आई मरणपंथाला होती, तो स्वतः अंथरुणाला खिळला होता. त्याच्या कण्हण्याने लेखनिक पळून गेले ही कथा त्यानेच पसरवली. हस्तलिखितातली बहुतेक पाने मात्र त्याच्याच हातची आहेत.

भारतीय वाचकाला ही कादंबरी दोन तऱ्हांनी वाचता येते. हा हिरा मूळचा सोमनाथाच्या देवाचा; तिथे कॉलिन्सने चार हातांच्या चंद्रदेवाची मूर्ती कल्पिली आहे. ज्योतिर्लिंगाचे स्थान त्याला ठाऊक नसावे. तिथल्या १७८३ च्या अहिल्याबाई होळकरांच्या मंदिराचाही कथेत मागमूस नाही. पण १८५७ च्या उठावाला दहा वर्षे झालेली असताना, कोहिनूर राणीच्या खजिन्यात असताना, त्याने पहिली चोरी इंग्रज अधिकाऱ्याच्या नावे लावली. त्या चोरीचा खटला कुठल्याच कोर्टात चालत नाही. शेवटी तिघे ब्राह्मण एबलव्हाइटला मारून हिरा काठेवाडात परत नेतात, आणि लेखक त्यांना पकडू देत नाही. उठावाच्या वेळी डिकन्सने सूडाची भाषा केली होती. कॉलिन्सने ‘अ सर्मन फॉर सिपॉइज’ (१८५८) या लेखात मुसलमानी परंपरेतलीच एक बोधकथा सांगितली. कादंबरी चालू असताना डिकन्सला तिची रचना असह्य कंटाळवाणी वाटू लागली होती, असे त्याच्या पत्रातून दिसते.

घर आणि उत्तरायुष्य

कॉलिन्सने लग्न केले नाही; घरे मात्र दोन चालवली. विधवा कॅरोलाइन ग्रेव्हज आणि तिची मुलगी त्याच्याबरोबर राहत. १८६४ च्या सुमारास नॉरफकमधली मार्था रड त्याला भेटली. कॅरोलाइनने १८६८ मध्ये दुसऱ्याशी लग्न केले (त्या लग्नाला कॉलिन्स हजर होता) आणि दोन-तीन वर्षांत ती परतली. मार्थाच्या घरी तो ‘मिस्टर डॉसन’ म्हणून जाई. तिला त्याच्यापासून तीन मुले झाली. ‘नो नेम’मध्ये कल्पनेने मांडलेली अडचण आता त्याच्या स्वतःच्या मुलांची होती. मृत्युपत्रात त्याने ती अनौरस मुले आपली म्हणून स्पष्ट मान्य केली आणि दोन्ही घरांना मिळकत वाटून दिली.

‘मॅन अँड वाइफ’ (१८७०) मध्ये स्कॉटलंड आणि आयर्लंडच्या विवाहकायद्यांतल्या विसंगती आहेत, आणि नवऱ्याने पुन्हा पुन्हा कमाई लुबाडल्यामुळे त्याचा खून करणारी एक स्वयंपाकीणही. विवाहित स्त्रीला स्वतःच्या कमाईवर हक्क देणारा कायदा त्याच वर्षी झाला. ‘द लॉ अँड द लेडी’ (१८७५) मध्ये ‘सिद्ध झाले नाही’ या स्कॉटिश निकालाचा डाग घेऊन जगणाऱ्या नवऱ्यासाठी बायको स्वतः तपास करते. यानंतरची पुस्तके उतरती आहेत. ‘हार्ट अँड सायन्स’ (१८८३) जिवंत प्राण्यांवरच्या प्रयोगांविरुद्ध लिहिली. अशा पुस्तकांत प्रचार पुढे आणि कथा मागे पडते. कवी स्विनबर्ननेही त्याच्या या ‘कार्या’ची दोन ओळींत थट्टा केली होती. १८७३-७४ मध्ये त्याने अमेरिकेत कथावाचनाचा दौरा केला. परदेशी प्रकाशक परवानगीशिवाय पुस्तके छापत, त्याविरुद्ध तो आयुष्यभर भांडला.

जून १८८९ मध्ये पक्षाघाताचा झटका आला आणि सप्टेंबरात विंपोल स्ट्रीटवरच्या घरी तो वारला. अपुरी राहिलेली ‘ब्लाइंड लव्ह’ त्याच्या टिपणांवरून वॉल्टर बेझंटने पूर्ण केली (१८९०). पुढची काही दशके तो मागे पडला; १९२७ मध्ये टी. एस. एलियटने ‘द मूनस्टोन’ला आधुनिक इंग्रजी गुप्तहेर कादंबऱ्यांत पहिली आणि सर्वोत्तम ठरवले. रहस्यकथालेखिका डोरोथी सेयर्सने त्याचे चरित्र लिहायला घेतले, ते अपुरेच १९७७ मध्ये छापले गेले. चहाच्या पेढीच्या काळातली ‘इओलानी’ १९९९ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठाच्या प्रकाशनसंस्थेने काढली.